साक्षीचा बार

लायटर तीनदा खटकला आणि शेगडी पेटली नाही. ठिणगी तर पडत होती, निळी, टपोरी, दर खटक्याला एक. विभावरीनं वाकून बर्नरवर फुंकर मारली, झाकण उचलून टाचणीनं भोकं साफ केली, काल रात्री उतू गेलेल्या दुधाला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले आणि पुन्हा खटका दाबला. काही नाही. मग नाक खाली नेलं तेव्हा लक्षात आलं की वासच येत नाहीये. सिलिंडर संपला होता. इतकी साधी गोष्ट. दीड-दोन महिन्यांनी प्रत्येक घरात होते. मागच्या पडवीतला भरलेला सिलिंडर ओढून आणायचा, रेग्युलेटर बदलायचा, चहाला दहा मिनिटं उशीर. पण ती टाचणी हातात धरून ओट्याशी उभीच राहिली. दोष बर्नरमध्ये नव्हता, ठिणगीतही नव्हता. पेटलं नाही, कारण पेटायला काही नव्हतंच. आणि या वाक्यामागोमाग, कुणी बोलावलं नसताना, दुसरं वाक्य येऊन उभं राहिलं: अकरा मार्चला टाकीत वायू होता का?

"गॅस संपला हो," ती म्हणाली. मागे टेबलाशी विष्णू पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं. हे नवीन नव्हतं. एकतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं पान उलटणं हेही एक उत्तर असतं, असं तिनं केव्हाच धरून टाकलं होतं. ती स्वतःच पडवीत गेली आणि सिलिंडर तळाच्या कडेवर फिरवत, फरशीवर खडखडाट करत आणायला लागली, तेव्हा तो उंबऱ्यापर्यंत आल्यावर विष्णूंनी मान वर केली, चष्मा काढला आणि लगबगीनं येऊन तिच्या हातातून तो घेतला. "मला सांगायचं नाही का? कमर धरून बसशील मग."

"सांगितलं ना."

"केव्हा?" ते म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला तो टोमणा वाटला. चहा झाला, दोघांनी प्यायला. नोव्हेंबरचं कोवळं ऊन महाराजपूरच्या त्या छोट्या घराच्या खिडकीतून टेबलावर आलं, बिस्किटाचा चुरा त्यात स्पष्ट दिसत होता, आणि ती त्या चुऱ्याकडे बघत अकरा मार्चचा विचार करत होती.

विभावरी पाठराबे ज्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नोकरीला होती, तिथं लोखंडाच्या आणि अॅल्युमिनियमच्या जाडजूड पेट्या तपासायला येत. पेटीत विजेचा स्विच, मीटर असलं काही बसवायचं आणि ती पेटी अशा ठिकाणी लावायची, जिथल्या हवेत पेटणारा वायू असू शकतो: रंगाचे कारखाने, गॅस भरायची केंद्रं. नव्या माणसाला वाटतं की पेटी इतकी घट्ट असेल की वायू आत शिरणारच नाही. तसं नसतं. वायू आत जातो. जाणारच, हे धरूनच सगळं चालतं. आतल्या ठिणगीनं तो पेटणार आणि पेटीच्या पोटात स्फोट होणार, हेही धरलेलं असतं. पेटीनं दोनच गोष्टी करायच्या. फुटायचं नाही, आणि झाकणाच्या कडेच्या केसाएवढ्या फटीतून जी ज्वाळा बाहेर येऊ बघेल, तिला त्या अरुंद वाटेतच इतकं थंड करायचं की बाहेरचा वायू पेटू नये. एका महिला दिनाला मराठी मंडळात कुणा पाहुण्यांनी तिच्या कामाची माहिती काढून भाषण ठोकलं होतं, की भगिनींनो, स्त्री म्हणजे अशीच पेटी, आत केवढे स्फोट, बाहेर मात्र शांत. टाळ्या पडल्या. विभावरीच्या हातातला बटाटेवडा गार झाला होता, तो तिनं तसाच बशीत ठेवला. तिला अशा उपमांचा मनस्वी राग यायचा. पेटी म्हणजे पेटी. तिला मोजून आठ बोल्ट असतात आणि ती नापास झाली की भंगारात जाते.

चाचणी अशी असते. पेटी एका मोठ्या पोलादी टाकीत ठेवतात. पेटीच्या आत वायू आणि हवेचं ठरलेलं मिश्रण भरतात, बाहेर टाकीतही तेच भरतात. टाकीचं एक तोंड पॉलिथिनच्या कागदानं बंद केलेलं असतं. मग पेटीच्या आत ठिणगी पाडायची. आतून धप्प असा आवाज येतो, जाड सतरंजीवर पोतं टाकावं तसा. बाहेरचा कागद जागचा हलला नाही, तर ज्वाळा बाहेर आली नाही. असं पाच वेळा. म्हणजे या कामात यश मिळणं म्हणजे काहीच न होणं. सव्वीस वर्षं ती काही न होण्याची नोंद करत आली होती, आणि तिच्या सहीनं देशभर लागलेल्या हजारो पेट्यांच्या आजूबाजूला माणसं काही न होता जगत होती, याचं तिला मनातून फार समाधान होतं. ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण काही न होण्याचं कौतुक कुणाला सांगणार?

पण काही न होण्यात एक खोट असते. ती तिला तिच्या पहिल्या साहेबांनी, बक्षीसाहेबांनी, पहिल्याच आठवड्यात दाखवली होती. कागद फाटला नाही, याचं कारण पेटी भक्कम आहे हे असू शकतं. किंवा टाकीत पेटण्यासारखा वायूच नव्हता, हेही असू शकतं. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत एक रीत घालून दिली होती: पाच वेळा टाकी गप्प राहिली की सहाव्यांदा टाकीतल्या त्याच वायूला आपण हातानं ठिणगी द्यायची. कागदाच्या चिंध्या उडाल्या पाहिजेत, खिडक्या थरथरल्या पाहिजेत. तसं झालं तरच आधीच्या पाच शांतता खऱ्या. "चुप्पी की गवाही ले लो, बेटा," ते म्हणायचे. प्रयोगशाळेत त्याचं नावच पडलं होतं, साक्षीचा बार. तक्त्यात त्याचा सहावा रकाना होता.

मार्चमध्ये शेजारच्या रिकाम्या इमारतीत नव्यानं आलेल्या शाळेत बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र होतं. मुख्याध्यापिका रोशनी मॅडम स्वतः येऊन, हात जोडून सांगून गेल्या होत्या की दहा ते एक बार नको, मुलं दचकतात. आतल्या धप्पचा आवाज भिंतीपलीकडे जात नव्हता. प्रश्न साक्षीच्या बाराचाच होता. विभावरीला मुलांची दया आली. तिनं ठरवलं, पाच चाचण्या सकाळी उरकायच्या आणि साक्षीचा बार एकनंतर, टाकी पुन्हा भरून. साक्षच ती, तासाभरानं घेतली तर काय बिघडतं? बक्षीसाहेब असते तर म्हणाले असते की तासाभरानंतरचा वायू हा तो वायू नव्हे. पण बक्षीसाहेब वारून नऊ वर्षं झाली होती, आणि दया आली की माणूस जरा स्वतःवर खूश असतो. अकरा मार्चला पाच शांतता झाल्या. हातासरशी तिनं सहाही रकान्यांत बरोबरची खूण केली. सहावा एकनंतर होणारच होता.

पाऊण वाजता विष्णूंचा फोन आला. "जेवायला घरी ये," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. एकतीस वर्षांत त्यांनी कामावर फोन करून असं कधी बोलावलं नव्हतं. मिळेल ती रिक्षा धरून ती घरी गेली, तर टेबलावर दोन ताटं वाढलेली. पिठलं, भात, कच्च्या कांद्याच्या फोडी. विष्णूंनी स्वतः केलेलं. ते समोर बसले, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, दोनदा हात पुसून शर्टाच्या खिशाशी नेला, दोनदा परत आणला, आणि शेवटी विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" ती हो म्हणाली. त्यांनी मान हलवली. त्यांना काहीतरी सांगायचं आहे हे तिला दिसत होतं, आंधळीलाही दिसलं असतं. तिनं विचारलं नाही. त्या घरात न विचारणं ही रीत होती, आणि ती रीत पडायला एक कारण होतं, आणि त्या कारणाच्या आसपास दोघंही पाय जपून टाकत. ती परत गेली तेव्हा तीन वाजले होते, पेटी टाकीतून निघाली होती, टाकी धुऊन पुसून ठेवली होती. संध्याकाळी घरी येताना तिला सहावा रकाना आठवला. आठवलाच नाही असं म्हणणं खोटं होईल. तिनं स्वतःला सांगितलं, पाच शांतता म्हणजे पाच शांतता. आठवड्यानं तिनं अहवालावर सही केली.

आता कामावर जाताना रिक्षा अधारतालच्या वळणावर उभी होती, पुढे भाजीची हातगाडी आडवी आली होती, आणि विभावरी मांडीवर पर्स घट्ट धरून त्या आठवड्याकडे पाठीमागून चालत जात होती. वायू मोजायचं यंत्र तेव्हा दुरुस्तीला गेलेलं होतं. म्हणून घड्याळ लावून, नळी अमुक मिनिटं सोडून, जुन्या पद्धतीनं भरलं होतं. आतली पेटी लहान, तिला थोडाच वायू लागतो. टाकी मोठी. आणि अजून काहीतरी होतं, काहीतरी हातात लागलेलं. काय ते? कापड. पेटी उघडल्यावर तिनं झाकणाची कड कापडानं पुसली होती आणि कापडाला तपकिरी डाग आला होता. ग्रीस असेल म्हणून तिनं ते कापड डब्यात टाकलं होतं. एकाच कोपऱ्यात ग्रीस? रिक्षावाला काहीतरी म्हणाला, ती दचकली. "दीदी, उतरना नहीं है क्या?"

अकरा मार्चच्या नमुन्यावरून पास झालेल्या पेट्या बासष्ट होत्या, आणि कटनीच्या वाटेवरच्या एका गॅस भरण्याच्या केंद्रात त्या केव्हाच बसवल्या गेल्या होत्या. ऑगस्टमध्ये ती दुसऱ्या कामानं तिथं गेली होती. शकु नावाची एक बाई भरलेल्या सिलिंडरच्या तोंडाला ब्रशनं साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघत होती. यंत्रांच्या इतक्या आवाजात तिनं विभावरीकडे बघून हसून, ब्रश वर करून दाखवला होता, जशी काही रांगोळीच काढतेय. तिच्या डोक्यावर, हात वर केला तर लागेल अशा उंचीवर, त्यातली एक पेटी होती. विभावरीनं तेव्हा त्या पेटीकडे अभिमानानं पाहिलं होतं. आता तो अभिमान आठवला आणि ती पर्सही न ठेवता थेट साहेबाच्या खोलीत गेली.

सुमेध तिच्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान होता आणि तिचा साहेब होता. पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आला, हुशार, अदबशीर, खुर्चीवर बसण्याआधी तिला बसा म्हणणारा. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. तो ऐकत असताना पेनाचं टोपण काढत होता, घालत होता.

"मॅडम, पाचही वेळा पास आहे ना पण?"

"पाच वेळा काही झालं नाही, ते मी लिहिलं. काहून झालं नाही, ते कुठं लिहिलं?"

"सहाव्या रकान्यात खूण आहे."

"ती खोटी आहे. मी केलीय."

त्यानं टोपण घट्ट बसवलं. मग म्हणाला, "तुम्ही फेब्रुवारीत रिटायर होताय. सव्वीस वर्षांत एक ठपका नाही. हे बाहेर गेलं तर तुमच्या सगळ्या जुन्या सह्या लोक उकरून काढतील. आणि प्रयोगशाळेची मान्यता, ती वेगळीच. आठ महिने झाले, तिथं काही झालेलं नाही."

"हेच ना," ती म्हणाली. "काही झालं नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे." तिनं नोंदवही उघडून त्याच्यापुढं सरकवली. चाचणीच्या वायूचा सिलिंडर बदलल्याची तारीख, मिस्त्री अंजनीच्या अक्षरात: बारा मार्च. म्हणजे अकराला तो शेवटच्या धुगधुगीवर होता.

अंजनी तिथला जुना मिस्त्री. त्यानं मालखान्यातून राखून ठेवलेली नमुन्याची पेटी आणली, धूळ झटकली आणि विचारलं, "इसको फिर से? ये तो पास है, दीदी."

"हाँ भैया, फिर से. और शीशी पूरी भर के." गॅसच्या सिलिंडरला तो शीशी म्हणायचा, म्हणून तीही म्हणायची. यंत्रावर मिश्रण मोजलं, पेटीतलं आणि टाकीतलं, दोन्ही काटे जिथं हवे तिथं आले. शाळा सुरू होती, पण तिनं या वेळी कुणाला विचारलं नाही. कानांवर आवाजरोधक चढवले. ते चढवले की जग एकदम लांब जायचं, स्वतःचा श्वास तेवढा मोठा व्हायचा. सव्वीस वर्षं तिला ते आवडत आलं होतं. कुणी काही म्हणत असलं तरी ओठ हलताना दिसतात, म्हणणं पोचत नाही, आणि न पोचलेल्या म्हणण्याला उत्तर द्यावं लागत नाही.

पहिली ठिणगी. पायाखाली धप्प. कागद ताठ, स्थिर. सुमेधनं तिच्याकडे बघून अंगठा वर केला. टाकी रिकामी केली, पुन्हा भरली, वीस मिनिटं. दुसरी ठिणगी. कागद स्थिर. त्या दुसऱ्या वीस मिनिटांत विभावरीच्या मनात एक लाजिरवाणी आशा आली, की राहू दे आता, पास आहे, मी उगीच. आणि त्या आशेला चिकटून, कारण नसताना, स्वयंपाकघर आलं. हे नाही, जुनं, क्वार्टरमधलं. बारा वर्षांपूर्वीचं. विष्णू तेव्हा कुंडमच्या बाजूला, तोफगोळ्यांच्या चाचणीच्या मैदानावर काम करायचे. त्याच्या वर्षभर आधी त्यांना बढती आली होती, नागपूरजवळ बदली होऊन. नागपुरात त्यांची आई एकटी होती, गुडघ्यांनी अडलेली. आणि विभावरीला त्याच महिन्यात अहवालावर सही करायचा अधिकार मिळाला होता, प्रयोगशाळेतली पहिली बाई. ती म्हणाली होती, मी येणार नाही. एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. विष्णूंनी बढती नाकारली. वर्षभरात त्यांची आई गेली, पहाटे, शेजारणीच्या हातचं पाणी पिऊन. विष्णू पोचले ते दुपारी. तेराव्याला सगळे गेल्यावर विभावरी ओट्याशी उभी होती, मोठी पातेली घासून पालथी घालत, आणि पाठमोरीच, मागे बसलेल्या नवऱ्याला, म्हणाली होती, "माझ्यामुळं झालं हे. मला माफ करा." मागून काहीच आलं नाही. थोड्या वेळानं खुर्ची सरकली, विष्णू उठून अंगणात गेले. ती शांतता तिनं बारा वर्षं सांभाळली होती. कधी तिला वाटायचं की त्यांनी माफ केलं आणि बोलायची गरज त्यांना वाटली नाही. कधी वाटायचं, त्यांनी कधीच माफ केलं नाही आणि तेच ते उत्तर. अनिमेष, मुलगा, हैदराबादहून फोन करायचा आणि तक्रार करायचा, "बाबांना माझ्याशी बोलायचंच नसतं. हं हं करतात आणि फोन तुला देतात." त्यावरही ती म्हणायची, त्यांचा स्वभावच आहे. तिनंच तो स्वभाव केला, असं तिला वाटायचं.

तिसरी ठिणगी. आत धप्प झालं, आणि त्याला लागूनच, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही असा, धमाका. कागद गेला. चिंध्या छताला लागल्या, काच खणखणली, टाकीच्या तोंडातून एक निळसर लपका येऊन विझला. आवाजरोधकांमधूनही तिच्या दातांत तो जाणवला. पलीकडच्या शाळेतून आधी एक मोठी किंकाळी आली आणि मग टाळ्या, पन्नास-साठ पोरांच्या, आनंदाच्या. सुमेधचा अंगठा अजून अर्धवट वर होता. पेटी उघडली तेव्हा झाकणाच्या एका कोपऱ्यात, बोल्टाच्या भोकाशेजारी, तपकिरी-काळी काजळी बोटभर पसरली होती. या खेपेला तिनं ती पुसली नाही. तिथून बोट फिरवलं तर कडेला आडवी गेलेली, कड तासणाऱ्या यंत्रानं पाडलेली बारीक चीर नखाला लागत होती.

"ये तो उस दिन भी था," अंजनी हळूच म्हणाला. "मैंने सोचा आपने देखा होगा."

मग बाकीचं भराभर झालं. सुमेधनं केंद्राला फोन लावला, त्या लाइनीची वीज तोडून काम थांबवा म्हणाला, लेखी येतंय म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज चांगला होता. तिला त्याचं कौतुक वाटलं. पेटी बनवणाऱ्यांना पत्र गेलं. तिनं स्वतःचं पत्र हातानं लिहिलं. अकरा मार्चला साक्षीचा बार घेतला नाही, खूण आधी केली, डाग पुसला. तीन वाक्यं. चौथं वाक्य कारणाचं लिहायला घेतलं, शाळा, फोन, जेवण, आणि खोडलं. सही केली तेव्हा हात स्थिर होता. साडेचारला केंद्रातून फोन आला की सगळं बंद केलंय, माणसं बाहेर आहेत. ती खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं. शकु तो ब्रश हातात घेऊन फाटकाबाहेर कुठंतरी उभी असेल, कामाचा खोळंबा झाला म्हणून वैतागली असेल. वैतागू दे.

ती घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. विष्णू अंगणात पपईला आळं करत उकिडवे बसले होते, पाठ फाटकाकडे. तिनं फाटक लावलं, कडी वाजली, ते वळले नाहीत. "अहो," ती म्हणाली. वळले नाहीत. रोज ती इथून सरळ आत जायची. आज ती आळ्याला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी चपला पाहिल्या, मग तिला पाहिलं, आणि दचकले.

"अकरा मार्चला मला जेवायला काहून बोलावलं होतं?"

ते तिच्या ओठांकडे बघत होते. चेहऱ्याकडे नाही, डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. हे तिला आज दिसलं, आणि दिसल्यावर असं वाटलं की हे ती वर्षानुवर्षं बघत आलीय. त्यांनी खुरपं खाली ठेवलं, हात धोतराला पुसावेत तसे लुंगीला पुसले, उठून आत गेले आणि कपाटातून घडी घातलेला एक कागद घेऊन आले. दवाखान्याचा कागद. त्यावर एक आलेख, दोन रेषा, दोन्ही उजवीकडे दरीत उतरत गेलेल्या. आलेख वाचण्यात तिची हयात गेली होती. त्यांनी तोंड उघडण्याआधीच तिला कळलं.

"उजवा कान तर गेलाच आहे," विष्णू म्हणाले. "डावा थोडा आहे. मशीन लाव म्हणून राहिले होते डॉक्टर. तुला सांगावं म्हटलं त्या दिवशी. मग म्हटलं, जाऊ दे, उगीच तुझ्या जिवाला..."

"केव्हापासून?"

त्यांनी ओठ वाचले. "आई होती तेव्हाच सुरू झालं होतं. सांगितलं असतं तर मैदानावरून काढून टेबलावर बसवलं असतं. समोर असलं की समजते मला. पाठमोरं कोणी बोललं तर नाही समजत."

पाठमोरं. तिला पातेल्यांचा ओला थंड काठ बोटांना लागला. म्हणजे ते वाक्य पोचलंच नव्हतं. बारा वर्षं ती ज्या शांततेला कधी माफी आणि कधी शिक्षा म्हणत आली, त्या शांततेत काही नव्हतंच; रिकामी टाकी. पहिल्यांदा तिला फार मोकळं वाटलं, खरं सांगायचं तर पळून जावंसं मोकळं. त्यांनी ऐकलंच नव्हतं. कुणी काही ठरवलं नव्हतं. आता चहा टाकावा, उद्या सदर बाजारात जाऊन मशीनची चौकशी करावी, आणि ते जुनं वाक्य जिथं पडलंय तिथं पडू द्यावं. कुणाला कळणार होतं? तिची नजर त्यांच्या नखांतल्या मातीवर गेली. मग ती त्यांच्या डाव्या बाजूला आली, उजेडात, चेहरा त्यांच्याकडे ठेवून, शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "आई एकट्या गेल्या. ते माझ्यामुळं झालं. मला माफ करा."

विष्णूंचा चेहरा आधी तसाच राहिला. मग तो बदलायला लागला, आणि तिनं एकतीस वर्षांत न पाहिलेलं काहीतरी त्यात चढत आलं.

"हो!" ते ओरडले. स्वतःचा आवाज त्यांना पोचत नव्हता, म्हणून तो फाटकापलीकडे गेला. "हो, तुझ्यामुळंच! परक्या बाईनं पाणी पाजलं माझ्या आईला. मी नाही. आणि तू, एकदाही... बारा वर्षं वाट पाहून राहिलो मी, की ही एकदा तरी म्हणेल. एकदा तरी!"

शेजारच्या ज्योतीनं भिंतीवरून डोकं काढलं. "भाभीजी, सब ठीक है ना?" विभावरीनं मान न वळवता हात वर करून ठीक आहे अशी खूण केली. हे जर कधी बाहेर आलं तर घर राहणार नाही, असं तिनं धरून ठेवलं होतं. आणि समोर पपईचं झाड होतं, आळ्यात पाणी मुरत होतं, बादली जागेवर होती, तो थरथरणारा म्हातारा माणूस जागेवर होता. तेराव्याला ओट्याशी, पाठमोरी, तिनं हेच म्हटलं होतं, ते आता त्यांना सांगावं लागणार होतं. त्यानंतरचंही पुष्कळ होतं.

विष्णू धापा टाकत पायरीवर बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी बाहीनं तोंड पुसलं, सरकून शेजारी जागा केली आणि डावा कान तिच्याकडे केला.

"बोल पुढं," ते म्हणाले. "इकडून बोल."